मागच्या सीटचा बेल्ट, घाट आणि नसलेली रेंज

गेल्या दिवाळीत आम्ही नवी गाडी घेतली. राहायला कराडला आणि माहेर चिपळूणला असलेल्या माझ्यासाठी गाडी म्हणजे मुख्यतः कुंभार्ली घाट. पाटण, हेळवाक, मग घाट, खाली पोफळी आणि पुढे शिरगाव, हा रस्ता मी गेली बावीस वर्षे वर्षातून सात-आठ वेळा करते आहे आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे स्वतः गाडी चालवत करते आहे. त्यामुळे शोरूममध्ये जे जे दाखवले गेले, ते मी नकळत त्या रस्त्याच्या नजरेने पाहत होते. तेव्हापासून मनात साचलेले आज सविस्तर लिहीत आहे.

शोरूममधला मुलगा अतिशय नम्र होता. त्याने पाऊण तास आम्हाला गाडीतला मोठा पडदा, मोबाइलवरचे अ‍ॅप, घरात बसून एसी सुरू करण्याची सोय आणि आवाज दिला की उघडणारे सनरूफ दाखवले. मग मी माझे तीन प्रश्न विचारले. मागे बसणाऱ्या तिघांनाही खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का? गाडीला भारत एनकॅपचे, म्हणजे धडक-चाचणी घेऊन दिलेल्या सुरक्षा-मूल्यांकनाचे, किती तारे आहेत? आणि अपघात झाला तर गाडी आपोआप फोन लावते असे तुम्ही म्हणता, पण तिथे रेंज नसेल तर काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने मागचे दार उघडून, वाकून पाहून दिले. दुसऱ्याचे त्याला माहीत होते. तिसऱ्यावर तो म्हणाला, “मॅडम, आता सगळीकडे नेट आहे.”

त्या मुलाला मी दोष देत नाही. गिऱ्हाईक जे विचारते, तेच दाखवायला तो शिकला आहे. पण सगळीकडे नेट नाही, हे मी त्याच्या आदल्याच ऑगस्टमध्ये फार जवळून पाहिले होते.

त्या दिवशी धुके इतके होते की पुढच्या वळणावरचा पांढरा पट्टासुद्धा दिसत नव्हता. चिपळूणहून परतताना घाटाच्या मध्यावर एक गाडी कठड्यावर आदळून आडवी उभी राहिलेली दिसली. गाडी पडली नव्हती, उलटली नव्हती आणि वेगही फार नसावा. चालकाने बेल्ट लावलेला होता. तो घाबरला होता, पण धडधाकट होता. मागच्या सीटवर मधोमध बसलेल्या त्याच्या आई मात्र दोन सीटच्या मधून पुढे फेकल्या गेल्या होत्या. कपाळावर खोल जखम होती आणि उजवा हात त्यांना हलवता येत नव्हता. तोवर पाच गाड्या थांबल्या होत्या. जमलेल्या आम्हा सगळ्यांच्या हातांत मोबाइल होते आणि एकाच्याही मोबाइलला रेंज नव्हती. शेवटी एक दुचाकीस्वार तरुण त्या धुक्यात खाली गेला, रेंज आल्यावर त्याने १०८ ला फोन केला आणि रुग्णवाहिका सुटली आहे हे आम्हाला सांगायला तो पुन्हा वर आला. त्या बाई वाचल्या. मात्र मधली पाऊण तासाची वाट मी रस्त्याच्या कडेला त्यांचे डोके मांडीवर धरून पाहिली आहे. ते पाऊण तास माझ्या मनातून जात नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. गाडीतले नवे तंत्रज्ञान मला हवे आहे, मी त्याच्या विरोधात नाही. परंतु जीव वाचवणारी गोष्ट नेटवर्क असो वा नसो चालली पाहिजे, ती सर्वांत स्वस्त मॉडेलमध्येही असली पाहिजे आणि तिचा उपयोग करायला पडद्यावर बोट फिरवावे लागता कामा नये. या कसोटीला उतरणारी सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बेल्ट. तीन ठिकाणी बांधलेला आजचा बेल्ट व्होल्वो कंपनीतील अभियंते नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना वापरण्यासाठी खुले ठेवले. त्याला ना इंटरनेट लागते, ना सिमकार्ड. एअरबॅगसुद्धा बेल्टला जोड म्हणूनच बनवलेली असते. डोळ्याचे पाते लवायच्या आत ती उघडते आणि बेल्ट न लावलेला माणूस त्याच क्षणी पुढे फेकला जात असेल, तर तीच त्याला इजा करू शकते.

मागच्या सीटचा बेल्ट ही आपल्याकडे आजही चेष्टेची बाब आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट बंधनकारक आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेल्ट न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालआसनाने सुरक्षित न बसवता गाडी चालवली, तरी तितकाच दंड आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती, पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले आणि बेल्ट न लावता मागे बसलेले दोघे गेले. त्यानंतर काही आठवडे सगळीकडे याच विषयाची चर्चा होती. मग ती थांबली. केंद्र सरकारच्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी १६,७१५ जणांनी बेल्ट लावलेला नव्हता. या १६,७१५ मध्ये निम्म्याच्या जवळपास, म्हणजे ८,३३१, प्रवासी होते.

आमच्या घरीही हे सहज झालेले नाही. नवी गाडी आली, पूजा झाली, नारळ फुटला आणि दुसऱ्याच दिवशी यजमानांनी हौसेने छान शिवलेली सीट कव्हरे घालून आणली. त्या कव्हरांखाली मागची तिन्ही बकले गडप झाली. गाडीतली घंटी मागच्यांचा बेल्ट नसेल तर वाजत राहते, म्हणून नातेवाइकांपैकी एकाने उपाय सुचवला की ऑनलाइन एक क्लिप मिळते, ती बकलमध्ये खोचली की घंटी गप्प बसते. मला हे ऐकून धक्का बसला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिपांची विक्री थांबवण्याचे आदेश दिले, तेव्हा १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या होत्या. म्हणजे ज्या इंटरनेटवर मी रात्री जागून गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे व्हिडिओ पाहत होते, त्याच इंटरनेटवर त्या चाचण्यांचा सारा उपयोग काढून घेणारी वस्तू घरपोच मिळत होती. मी ती कव्हरे त्याच दिवशी काढायला लावली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मागे कशाला बेल्ट? गळ्याला लागतो.” मी त्यांना घाटातल्या त्या बाईंची हकीगत पहिल्यांदाच पूर्ण सांगितली आणि मग त्यांच्या खांद्यावरून बेल्ट नीट कसा जातो ते बसवून दाखवले. बेल्ट गळ्याला लागत होता, कारण त्या सीटच्या कडेला तिरक्या बसत होत्या. सरळ, पाठ टेकून बसल्यावर तो खांद्यावरच राहिला. आता गाडी सुरू करण्याआधी त्याच विचारतात, “सगळ्यांचे लागले का?”

आता पडद्याविषयी. आमच्या जुन्या गाडीत काचेवरची वाफ घालवायला एक गोल खुंटी होती. हात तिकडे गेला की काम होई, नजर रस्त्यावरून हलत नसे. नव्या गाडीत हवेची दिशा बदलायची असेल तर पडद्यावर एक चित्र दाबावे लागते, मग दुसरे पान उघडते, मग त्यावर तिसरे चित्र शोधावे लागते. कुंभार्लीत पाऊस लागला की समोरची काच आतून अर्ध्या मिनिटात धुरकट होते. त्या अर्ध्या मिनिटात माझी नजर रस्त्यावर हवी की पडद्यावर? युरोपातील गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासूनच्या मूल्यांकनात वळण दाखवणारे दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदत-हाक (संकटात गाडीतूनच मदत मागवण्याची सोय) यांसाठी प्रत्यक्ष बटणे किंवा दांडे असण्याला महत्त्व दिले आहे. आपल्या भारत एनकॅपची सुरुवात २०२३ मध्ये झाली, ती फार चांगली गोष्ट आहे आणि गाडी घेताना मला तिचा खरोखर उपयोग झाला. तिनेही हा विचार करावा आणि आपला पाऊस लक्षात घेऊन त्या यादीत काचेवरची वाफ घालवण्याचे बटण आवर्जून घालावे, असे मला वाटते.

मदत-हाकेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून मान्यता मिळालेल्या नव्या प्रकारच्या मोटारींमध्ये ई-कॉल नावाची यंत्रणा सक्तीची आहे. मोठी धडक बसली की गाडी स्वतःच ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावते आणि आपले ठिकाण कळवते. मालकाने कसली वर्गणी भरलेली असो वा नसो. आपल्याकडे अशी सोय काही गाड्यांत आहे, पण आमच्या गाडीच्या कागदपत्रांत ती ‘कनेक्टेड सेवा’ या सदरात, घरबसल्या एसी सुरू करण्याच्या सोयीशेजारी आहे. पहिली तीन वर्षे ती मोफत आहे, नंतर वर्गणी भरायची. शिवाय ती वरच्या दोन मॉडेलांतच मिळते. एसीच्या सोयीसाठी पैसे मागितले तर माझी हरकत नाही. पण अपघातानंतरची हाक आणि सनरूफची करामत एकाच पाकिटात घालून विकणे मला मान्य नाही. बेल्ट तीन वर्षांनी वर्गणीअभावी निकामी झाला, तर आपण तो चालवून घेऊ का?

आणि ही यंत्रणा प्रत्येक गाडीत आली तरी घाटातला मूळ प्रश्न उरतोच, कारण गाडीच्या पोटात बसवलेल्या सिमलाही टॉवर लागतोच. ११२ ला केलेला फोन आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो, ही माहिती प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. मात्र जिथे कोणाचाच टॉवर पोहोचत नाही, तिथे तीही उपयोगी पडत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात कोसळली, तेव्हा बचावलेला एकमेव माणूस दरीतून वर चढून आला आणि मग बातमी बाहेर पोहोचली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आज इतक्या वर्षांनी आपल्या मोबाइलचा वेग कितीतरी वाढला आहे. घाटातल्या वळणांवर मात्र मोबाइल अजून मुका होतो.

याचे कारण मला असे दिसते की इंटरनेट कोणाला पोहोचले हे मोजताना आपण गावे मोजतो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ४जी सेवा नसलेल्या २४,६८० गावांसाठी योजना मंजूर केली. ती अत्यंत आवश्यक होती आणि अशा गावांत राहणाऱ्यांचा हक्क माझ्यासारख्या प्रवाशांच्या आधीचा आहे, यात मला शंका नाही. परंतु घाट हे गाव नव्हे. तिथे कोणी राहत नाही, कोणाचे रेशनकार्ड तिथले नाही, तिथून कोणी तक्रार करणारा नाही आणि तिथे टॉवर उभारून कंपनीला नवे गिऱ्हाईकही मिळत नाही. म्हणून त्या वळणांची उणीव कोणत्याच यादीत दिसत नाही. प्रत्यक्षात रोज शेकडो गाड्या, एसटीच्या बस आणि मालाचे ट्रक तिथून जातात. रस्ता चांगला आहे की नाही हे ठरवताना खड्डे, कठडे आणि दिशाफलक पाहिले जातात; त्याच यादीत ‘या ठिकाणाहून ११२ ला फोन लागतो का’ हा एक रकाना असावा, एवढी माझी मागणी आहे. आणि टॉवर येईपर्यंत निदान फलक तरी लावावेत, की पुढचे इतके किलोमीटर मोबाइल चालणार नाही आणि मागे वळल्यास रेंज अमुक ठिकाणी मिळेल. त्या दिवशी तो तरुण खाली गेला, पण वरच्या दिशेला रेंज जवळ होती की खालच्या, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

ते कळावे म्हणून गेल्या महिन्यात चिपळूणला जाताना मी यजमानांना गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल मांडीवर घेऊन बसले. हेळवाक सोडल्यापासून शिरगाव येईपर्यंत रस्त्याकडेच्या प्रत्येक किलोमीटरच्या दगडापाशी दोन्हींची रेंज वहीत लिहिली. काही दगडांपुढे दोन फुल्या आहेत, काहींपुढे एक. सासूबाई मागच्या सीटवर बेल्ट लावून बसल्या होत्या आणि धुक्यात मला न दिसलेले दोन दगड त्यांनीच दाखवले. वहीतल्या त्या पानाचा फोटो खाली देत आहे. या घाटाने नेहमी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपल्या कंपनीची नोंद त्यात भरावी. वरंध, आंबा, फोंडा अशा इतर घाटांतल्या कोणी स्वतंत्र नोंद केली तर तीही कृपया कळवावी. सगळ्या नोंदी एकत्र करून मी त्या सातारा आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांच्या रस्ता सुरक्षा समित्यांना लेखी पाठवणार आहे. नोंद घेताना गाडी चालवणाऱ्याने मोबाइल हातात घेऊ नये, ते काम शेजारी बसलेल्याने करावे.