रॉयल्टी विक्रीवर, तोटा खिशातून

सुन्याचं चहाचं दुकान म्हणजे फ्रँचायझी: नाव कंपनीचं, पैसा त्याचा. त्या दुकानापासून दोन चौकांवर कंपनीने दुसरी फ्रँचायझी दिली, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक होतंच. त्यामुळे गाडी थेट यावर आली, की सुन्यासारख्या फ्रँचायझीवाल्यांनी मिळून संघटना काढावी का.

अण्णांनी बोट वर केलं. "सही केलीस ना? मग गप्प बसायचं. कंपनी अन्नदाता असते."

"अण्णा, तुम्ही बँकेत संप करून पगारवाढ घेतलीत, तेव्हा बँक कोण होती?" मी विचारलं.

"ती गोष्ट वेगळी." हे अण्णांचं कुठल्याही विषयावरचं उत्तर.

वकील म्हणाला, "सुन्या, कंपनीचं नाव वापरायची रॉयल्टी कशावर देतोस?"

"विक्रीवर."

"नफ्यावर नाही. मेख तिथेच आहे. ऑफर लावली की गल्ला फुगतो, कंपनीचा वाटा वाढतो, तोटा तुझा. अमेरिकेत 2009 मध्ये बर्गर किंगच्या दुकानमालकांची संघटना याच्यावरूनच कोर्टात गेली. डबल चीजबर्गर एक डॉलरला विका, असं फर्मान होतं. मालक म्हणाले, आम्हालाच त्याहून महाग पडतो. मॅकडोनाल्ड्सच्या मालकांनीही 2018 मध्ये स्वतःची स्वतंत्र संघटना काढली."

"तिकडे कायदे आहेत," अण्णा.

"आहेत ना! फ्रँचायझी विकण्याआधी कंपनीला सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. म्हणून तर इथे एकी जास्त हवी. एकटा गेलास तर नोटीस येईल, पन्नास जण गेलात तर चहा येईल."

"तोही त्यांच्याच पावडरीचा," सुन्या म्हणाला. "बाहेरून घ्यायची सोय नाही."

बंड्याने 2019 काढलं. हॉटेलवाले 'लॉगआउट' म्हणत झोमॅटो गोल्ड या सवलतीच्या योजनेतून बाहेर पडले होते ते. कुरकुर आधीही होतीच. एकत्र निघाले तेव्हा कुठे नियम बदलले. सुन्याने आईचे दागिने मोडून डिपॉझिट भरलंय. त्याला 'गप्प बस' सांगायला माझी तरी जीभ रेटत नाही.

"ठरलं तर! अध्यक्ष सुन्या, खजिनदार बंड्या."

"बंड्या नको!" अण्णा उसळले. "मंडळाच्या वर्गणीचा हिशेब अजून दिला नाही त्याने."

"देतो की. फुटलेल्या ढोलापासून सुरू करू? कोणी फोडला, सांगू?"

वकिलाला एकदम ठसका लागला. अण्णा इतके हसले की कवळी सावरावी लागली. नंतर अर्धा तास ढोलच वाजत राहिला.