गोल्डफिश वहाळात सोडू नका: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

देवगडच्या काकूने परसात जांभ्याच्या चिऱ्यांची कुंडी बांधली, गोल्डफिश आणले, आणि लगेच घरच्या ग्रुपवर तो मेसेज आलाच. ‘फुगलेल्या पोटाची मादी एकटी ठेवा, पिल्लं देईल. काळी पिल्लं हलक्या जातीची, टाकून द्या. मासा कुंडीएवढाच वाढतो. जास्त झाले तर वहाळात सोडा, डास मरतील, पुण्य लागेल.’ काकू हे सगळं करायला निघाली होती.

पिल्लं देतात ते गप्पी मासे. गोल्डफिशच्या पोटात गाबोळी असते. नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे बारीक दाणे उठतात, तो मादीच्या मागे लागून ढुशा देतो, ती पाणवनस्पतींना चिकट अंडी लावते आणि नर ती पाण्यातच फळवतो. मादी एकटी ठेवल्यावर अंडी फळवणार कोण?

काळ्या पिल्लांचं तर विचारूच नका. बहुतेक पिल्लं आधी काळपटच असतात, सोनेरी रंग काही महिन्यांनी चढतो. म्हणजे चांगली पिल्लंच फेकायला सांगताहेत!

कुंडी लहान असेल तर वाढ खुंटते, एवढं मान्य. पण ती घाणेरड्या, अपुऱ्या पाण्यामुळे. मोकळ्या पाण्यात हाच मासा फूटभर होतो.

आता वहाळ. गोल्डफिश डासांच्या अळ्या खातो, खरं आहे. पण तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, झाडं उपटतो आणि दुसऱ्या माशांची अंडीही खातो. अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल शहराने जुलै 2021 मध्ये केलर तळ्यातून काढलेल्या भल्यामोठ्या गोल्डफिशचे फोटो टाकून लोकांना विनवलं होतं की घरचे मासे तळ्यात सोडू नका. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात, तरी हा मासा टिकला. आपल्या वहाळात तर बर्फही नाही. मृगाच्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर शेतांकडे येतात, त्यांच्या वाटेत हे परके खादाड सोडून कसलं पुण्य लागणार?

काकूला सांगितलंय ते असं. कुंडीच्या सांडव्याला बारीक जाळी लाव, नाहीतर जूनमध्ये कुंडी भरून वाहिली की मासे आपणहून पाटात जातील. पिल्लं नको असतील तर अंडी कुंडीतच राहू दे, मोठे मासे ती बरीचशी खाऊन टाकतात. हवी असतील तर अंडी लागलेली झाडं वेगळ्या टबात काढ, आणि उरलेली पिल्लं मासेवाल्या दुकानदाराला परत दे.