पगार कोणाचा, शाळा कोणाची

माझी मावसबहीण भांडुपच्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा ट्रस्टची, टप्पा अनुदानावरची; म्हणजे पगाराचा वाटा सरकार टप्प्याटप्प्यानं वाढवत देतं. 2025च्या जुलैत ती पुढच्या टप्प्याच्या मागणीसाठी आझाद मैदानात चिखलात आंदोलनाला बसली होती, आणि घरच्या ग्रुपवर काका लिहीत होते, "नोकरी खासगी संस्थेत करायची आणि पगार सरकारकडे मागायचा, हा कुठला न्याय?"

मी डब्लिनला राहतो. इथे काकांचा प्रश्नच कुणाला कळणार नाही. माझा मुलगा जातो ती शाळा ना सरकारची, ना चर्चची. 'एज्युकेट टुगेदर' या संस्थेची. बाईंचा पगार मात्र सरकारी तिजोरीतून. 1937च्या आयरिश राज्यघटनेत सरकार मोफत प्राथमिक शिक्षण 'देईल' असं नाहीच, त्याची 'तजवीज करील' असं आहे. चालवणारा वेगळा, पैसे भरणारा वेगळा.

लगेच हुरळून जाऊ नका. या तजविजीवर पोसलं गेलं ते मुख्यतः चर्च. आजही दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत. पालकांनी झगडून डॉकी या उपनगरात पहिली वेगळी शाळा काढली, ती 1978 साली. जागा कमी पडल्या तर बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आधी घ्यायची कॅथलिक शाळांची मुभा 2018च्या कायद्यानं गेली. आणि 'ऐच्छिक' वर्गणीची चिठ्ठी इथेही दप्तरातून येते. ती कितपत ऐच्छिक असते, हे मुंबईच्या पालकाला सांगायला नको.

मला चुटपुट लागते ती वेगळीच. या लोकांना जे इतक्या उशिरा मिळालं, ते आपल्याकडे केव्हाचं होतं. मुंबईतली पार्ले टिळक शाळा 1921ची, बालमोहन 1940ची. सरकारी नव्हेत, कुठल्या देवळाच्याही नव्हेत; चार जाणत्या माणसांनी उभ्या केलेल्या. अशा नव्या शाळांच्या कपाळी पुढे आपण 'कायम विनाअनुदानित' लिहिलं, म्हणजे सरकारी पैसा कधीच नाही. 'कायम' हा शब्द खोडला 2009 साली, आणि 20 टक्के अनुदानाचा निर्णय झाला 2016 साली. एक शब्द खोडल्यावर पैसे निघायला सात वर्षं!

संस्थाचालक भरतीत पैसे खातात, हा काकांचा दुसरा मुद्दा. खातात, मान्य. मग भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून, गुणांनुसार करा, हिशेब तपासा, खाणाऱ्याला धरा. त्याचा दंड बहिणीच्या पगारातून का?

काका स्वतः दादरच्या अनुदानित शाळेत शिकले. तुमच्या मास्तरांचा पगार कोण द्यायचं, असं मी ग्रुपवर विचारलंय. निळ्या खुणा कालच दिसल्या.