ओलांडलेले पाय

काल संध्याकाळी मी एका पंधरा वर्षांच्या मुलाचे पाय ओलांडले आणि भर वर्गात, चार मोठ्या माणसांसमक्ष, ते मला उलट दिशेने परत ओलांडून द्यावे लागले. माझा उजवा गुडघा अजून सोलवटलेला आहे आणि रागही पुरता निवळलेला नाही.

जुळे सोलापुरात एका व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, ब्राझिलियन जिउ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवर पडून लढायच्या एका कुस्तीचा, वर्ग भरतो. मे महिन्यात चाळिशीच्या वर गेलेला पारा, अंगात जाड सुती गी, म्हणजे या खेळाचा पोशाख, आणि ती धुवायला चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी. या तिन्हींचा मेळ घालताना घरात काय बोलणी खावी लागतात, तो विषय वेगळा. सध्या आम्हाला गार्ड पास शिकवत आहेत. खाली पाठीवर पडलेला माणूस आपले पाय तुमच्या कमरेभोवती घालून घोटे एकमेकांत अडकवतो, त्याला गार्ड म्हणतात. पाहणाऱ्याला वर बसलेले तुम्ही जिंकल्यासारखे वाटता. प्रत्यक्षात खालचा तुमचा गळा आवळू शकतो, हात कोपरातून उलटा ताणू शकतो, नाहीतर तुम्हाला उलथवून दोन गुण घेऊ शकतो. ते पाय सोडवून, ओलांडून, बाजूला येऊन तीन सेकंद दाबून धरले, तर तुम्हाला तीन गुण मिळतात.

हे सगळे मला आप्पांना समजावून सांगावे लागले. आप्पा म्हणजे त्या मुलाचे आजोबा. तरुणपणी लाल मातीत घुमलेले. डावा कान मोडून त्याचा गोळा झालेला. मॅटला चिकटून प्लॅस्टिकची खुर्ची टाकतात, चपला खुर्चीखाली नीट जोडून ठेवतात आणि नातवाची पाठ मॅटला लागली रे लागली की मोठ्याने म्हणतात, "झाली की चितपट! सोडा ओ आता, उठा!"

"आप्पा, यात पाठ टेकली तरी हार होत नाही," मी त्यांच्या नातवाच्या पायांत अडकल्या अडकल्या म्हणालो.

"मग हार होती कशानं?"

"गळा आवळला, हात अडकला, की ज्याचा अडकला त्याने हाताने थोपटायचे. मग संपले."

"म्हणजे हरायचं का नाही, ते हरणारानंच ठरवायचं?" आप्पांनी शेजारच्या पालकांकडे पाहिले. "मग पंच काय शेंगा खायला येतो?"

मी इतिहासाचा आधार घेतला. मित्सुयो माएदा नावाचा जपानी जुदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला, कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला, आणि १९९३ मध्ये त्याच घराण्यातल्या सडपातळ रॉयस ग्रेसीने डेन्व्हरला एका रात्रीत तिघांना हार मानायला लावली, असे मी सांगितले. मान खाली दाबलेली असताना इतके बोलणे सोपे नसते. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "१९५२ ला खाशाबांनी हेलसिंकीतनं ब्राँझ आणलं. ते काय झोपून आणलं?"

यावर उत्तर नव्हते, म्हणून मी कामाला लागलो. कंबर ताठ करून उभा राहिलो, मुलाचा गुडघा खाली रेटून त्याचे घोटे सोडवले आणि उजवा गुडघा त्याच्या मांडीवरून तिरका सरकवला. याला 'नी कट' म्हणतात. यात पलीकडच्या काखेखालून आपला हात आधी जावा लागतो आणि अलीकडची बाही वर खेचून धरावी लागते, नाहीतर खालचा कुशीवर वळून सरळ तुमच्या पाठीवर येतो. काल हात वेळेवर गेला, बाही हातात राहिली, मुलगा सपाट झाला, माझा मागचा पाय त्याच्या पायांतून मोकळा झाला आणि मी त्याच्या छातीवर आडवा पडलो. प्रशिक्षकांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली.

"थांबा!" आप्पा खुर्चीतून उठले होते. "पोराला ओलांडलं तुम्ही! वाढ खुंटती त्याची. आल्या वाटेनं परत जावा."

मला वाटले, थट्टा आहे. तशी ती नव्हती. मुलगा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, हे मी त्याच्या छातीवरूनच निदर्शनास आणले. आप्पा म्हणाले, त्याला पोलीस भरतीला उभे करायचे आहे. मी म्हणालो, तिथे १६५ सेंटिमीटर पुरतात, हा केव्हाच पुढे गेला आहे. "मोजणारा कसा भेटंल, काय सांगावं?" असे म्हणून त्यांनी तो मुद्दा निकालात काढला.

प्रशिक्षक ब्लू बेल्ट आहेत, भले गृहस्थ आहेत. परंतु आप्पांच्या घरातून तिघांची फी येते. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "काका, करा ना एकदा. तेवढाच सराव." मला या वर्गात सगळे काका म्हणतात, तेही मला आवडत नाही. मी गुडघा उचलला, आला होता त्याच मांडीवरून उलटा नेला आणि मुलाच्या दोन्ही पायांच्या मधोमध जाऊन बसलो. मुलाने तत्काळ माझ्या कमरेभोवती पाय आवळले आणि घोटे अडकवले. फेरी संपेपर्यंत ते मला सुटले नाहीत. आप्पांनी टाळ्या वाजवल्या.

सर्वांत वाईट गोष्ट नंतर झाली. शेजारच्या खुर्चीवरच्या एका आईने विचारले की आमच्या मुलीलाही मघाशी कोणी ओलांडले आहे, तिचे काय? मग तिच्या जोडीदाराला बोलावून त्यालाही उलटे पाठवण्यात आले. महिन्याची फी पूर्ण भरायची, घाम गाळून गार्ड ओलांडायचा आणि तो आपल्याच पायांनी परत करायचा, हा कोणता खेळ आहे, असे मी प्रशिक्षकांना जिन्यात गाठून विचारले. उद्या स्पर्धेत कोणी असे थांबवले तर?

"स्पर्धेला आप्पा कुठे येतात, काका?"

खालच्या पायरीवर चपला घालत असलेले आप्पा वळले. "न यायला काय झालं? कुठं आहे, तेवढं सांगा."