ग्राफीनचे थर फिरवून लाइटबिल शून्य होणार नाहीये

दोन दिवस झाले, आमच्या इंदिरानगरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की पेन्सिलीतल्या ग्राफाइटचे दोन थर 1.1 अंशात फिरवून ठेवले की करंटला रोधच राहत नाही, हे घरीपण जमतं, यानं लाइटबिल शून्य होणार आणि शास्त्रज्ञांना सगळं माहितीये पण कंपन्या दाबून ठेवतायत. यातला 1.1 अंश खरा आहे. बाकीचं लिहितेय कारण माझ्या अकरावीतल्या भाचीनं हे सगळं वहीत उतरवून घेतलंय.

घरी जमत नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात पाब्लो हारिलो-हेरेरोंच्या टीमनं हे केलं तेव्हा ग्राफाइटचा प्रत्येक थर एका अणूइतका जाड होता, यालाच ग्राफीन म्हणतात, आणि रोध गेला तो 1.7 केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे 271 डिग्री. निफाडला पारा 5 वर आला तरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात हो! त्या कोनात इलेक्ट्रॉन इतके मंदावतात की त्यांच्या वेगापेक्षा त्यांचं एकमेकांना ढकलणंच मोठं ठरतं, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

बिलाचं म्हणाल तर तारेत वीज वाया गेली नाही तरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा जाळावाच लागतो, वाचली तर वाटेतली गळती वाचेल. तसं करून पाहिलंय, पण ग्राफीननं नाही, तांब्याच्या ऑक्साइडचे थर असलेल्या पदार्थानं. जर्मनीत एसेन शहरात 2014 ला साधारण 1 किलोमीटरची केबल टाकली, लिक्विड नायट्रोजननं सतत थंड ठेवलेली. गायी भरवायला येणारे डॉक्टर कॅनमधून आणतात ना, तेच नायट्रोजन, 77 केल्विनचं. 1987 ला याच जातीचा एक पदार्थ 93 केल्विनलाच रोधाशिवाय चालला म्हणून तर एवढा आनंद झाला होता, कारण तेवढा थंडावा या नायट्रोजननं मिळतो आणि परवडतो.

दाबून ठेवलंय म्हणता, तर पेपर उघड छापलाय आणि कितीतरी लॅबनी तो प्रयोग परत करून पाहिलाय.

पण ‘सगळं माहितीये’ हे मला सगळ्यात जास्त लागलं. पारा, शिसं यांच्यात अणूंच्या जाळीच्या थरथरीमुळे इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात आणि त्यामुळे रोध जातो, हे 1957 ला उलगडलं. तांब्याच्या ऑक्साइडमध्ये 1986 पासून सुपरकंडक्टिव्हिटी, म्हणजे हे रोध जाणं, दिसतेय, तिथल्या जोडीचा आकार चार पाकळ्यांसारखा आहे हेही मोजून झालंय, तरी ती जोडी नेमकी कशानं जमते यावर आजही एकमत नाहीये, आणि ग्राफीनचंही तसंच. अकरावीतल्या मुलीला यापेक्षा चांगला प्रश्न कुठला द्यायचा? काका, प्लीज, तो मेसेज काढा आणि हा टाका.