झडती व्हावी, पण कागद आधी कोणी वाचायचे?

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. इतर वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. अमेरिकेतले खासदार विल्यम जेफरसन यांच्या संसदेतल्या कार्यालयाची एफबीआयने २००६ साली झडती घेतली. ती ज्या पद्धतीने घेतली ती चुकीची होती, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की फ्रीजरमध्ये लाचेच्या नोटा सापडलेल्या माणसाची बाजू घेणं म्हणजे भ्रष्टाचाराला पाठीशी घालणं. न्यायाधीशाचं रीतसर वॉरंट होतं, मग आणखी काय हवं होतं? सामान्य माणसाच्या घरात पोलीस कपाट न् कपाट उपसतात, मग लोकप्रतिनिधीचे एवढे लाड कशासाठी? आणि शेवटी, ‘असल्या नियमांमुळेच हे लोक सुटतात.’

आधी फ्रीजरचं बोलू, कारण त्या नोटा डोळ्यांसमोर आल्या की पुढचं काही ऐकूच येत नाही. जेफरसन न्यू ऑर्लिन्सचे डेमोक्रॅट खासदार. जुलै २००५ मध्ये त्यांनी व्हर्जिनियातल्या एका हॉटेलबाहेर एका गुंतवणूकदार बाईंकडून एक लाख डॉलर घेतले. नोटांचे नंबर एफबीआयने आधीच टिपून ठेवले होते आणि बाईंच्या अंगावर रेकॉर्डर होता. पैसे नायजेरियातल्या बड्या नेत्याला लाच म्हणून द्यायचे होते, असा सरकारी वकिलांचा आरोप. ३ ऑगस्ट २००५ रोजी वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या घराची झडती झाली, आणि त्यातले नव्वद हजार डॉलर अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, गोठवलेल्या खाद्यपदार्थांच्या खोक्यांत दडवलेले सापडले.

ही झडती घराची होती. तिच्या विरोधात मी एक ओळही लिहिलेली नाही. ज्या झडतीबद्दल मी लिहिलं ती झाली २० मे २००६ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांनंतर. नोटा तोवर केव्हाच सरकारच्या ताब्यात होत्या. कार्यालयात हवे होते ते कागद आणि संगणकातल्या फायली. त्यामुळे नोटांचा दाखला देऊन कार्यालयातल्या झडतीची पद्धत बरोबर ठरत नाही. दोन्हींचा माणूस एकच असला तरी प्रश्न वेगवेगळे आहेत.

आता त्या शनिवारी काय झालं ते नीट पाहू. रेबर्न हाऊस ऑफिस बिल्डिंग, खोली क्रमांक २११३. पंधराएक एफबीआय अधिकारी शनिवारी संध्याकाळी आत शिरले आणि रविवारी दुपारपर्यंत, सुमारे अठरा तास, आत होते. प्रतिनिधिगृहाचे वकील आणि जेफरसन यांचे स्वतःचे वकील, दोघांनाही आत येऊ दिलं नाही, अशी त्यांची तक्रार आहे. वॉरंटमध्ये जी कार्यपद्धती घालून दिली होती तिच्यानुसार अधिकाऱ्यांनी खोलीतला प्रत्येक कागद हातात घेऊन पाहायचा, कामाचा वाटला तर ठेवायचा. संगणकांच्या सगळ्या हार्ड डिस्कच्या प्रती करायच्या. मग विधिमंडळाच्या कामकाजाशी संबंधित कागद वेगळे काढण्यासाठी एक ‘फिल्टर टीम’. आणि त्या टीममध्ये कोण? न्याय खात्याचेच, म्हणजे एफबीआय ज्याच्या हाताखाली आहे आणि जे खटला चालवतं त्याच खात्याचे, वकील आणि एफबीआयचाच माणूस. म्हणजे कोणता कागद सरकारने वाचायचा नाही, हे ठरवण्यासाठी सरकारच तो कागद वाचणार.

माझा सगळा आक्षेप या एका गोष्टीवर आहे. पोलिसांनी कार्यालयात जाऊ नये असं मी म्हटलेलंच नाही. जावं. दोन वर्षांपूर्वीच्या पत्रव्यवहारापासून कालच्या ईमेलपर्यंत सगळं ताब्यात घ्यावं. पण ते उघडून वाचण्याचा पहिला मान तपास करणाऱ्या खात्याचा नसावा.

तुमचा वॉरंटचा मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेतला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. त्यात आणखी भर घालतो. सरकारने आधी समन्स काढून हेच कागद मागवले होते आणि महिनोन्‌महिने ते मिळाले नव्हते. सगळे उपाय थकल्यावरच वॉरंट मागितलं, असं सरकारने कोर्टात सांगितलं. वॉरंट देणारे मुख्य न्यायाधीश थॉमस होगन यांनी जुलै २००६ मध्ये झडती कायदेशीर ठरवली. हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. पण वॉरंट म्हणजे झडती घ्यायला पुरेसं कारण आहे, एवढंच न्यायाधीशाने सांगणं. खोलीतला कोणता कागद संसदीय कामाचा आहे हे वॉरंटवर सही करताना न्यायाधीशाला कळू शकत नाही, कारण तो कागद त्याने पाहिलेलाच नसतो. ते ठरवण्याची वेळ झडतीनंतर येते. आणि त्या वेळी कोर्ट जागेवर नव्हतं, न्याय खातं होतं.

अपील कोर्टाने नेमकं हेच सांगितलं. ३ ऑगस्ट २००७ च्या निकालात न्यायमूर्ती ज्युडिथ रॉजर्स यांनी झडती पूर्णपणे बेकायदा ठरवली नाही. लाचखोरीशी संबंधित कागद सरकारकडेच राहिले. पण खासदाराला ‘हा कागद माझ्या संसदीय कामाचा आहे’ असं सांगायची संधी न देता अधिकाऱ्यांनी सगळे कागद वाचले, ते घटनेच्या विरुद्ध, असा तो निर्णय. संसदीय कामाचे कागद परत करा, असा आदेश झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये सरकारचं अपील दाखल करून घ्यायला नकार दिला. हेही सांगतो की सगळी कोर्टं या मताची नाहीत. अॅरिझोनाचे खासदार रिक रेन्झी यांच्या खटल्यात दुसऱ्या एका अपील कोर्टाने २०११ मध्ये हा निकाल मान्य केला नाही. म्हणजे तुमचं मत तिथल्या न्यायमूर्तींमध्येही आहे. मला पटतं ते रॉजर्स यांचं.

का पटतं? खासदाराच्या कार्यालयात काय काय पडलेलं असतं, याचा विचार करा. आपल्याकडचंच घ्या, कारण कागदांची जात सगळीकडे सारखीच. आमदाराच्या संपर्क कार्यालयात टेबलावर निवेदनांचा गठ्ठा असतो. त्यात पाणीपुरवठ्याची तक्रार असते, अनुकंपा नोकरीचा अर्ज असतो, आणि मधेच एखादं बिननावाचं पत्र असतं, की अमुक ठाण्याचा अधिकारी वाळूवाल्यांकडून हप्ते घेतो. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना आमदाराला स्वप्नात सुचत नाहीत. एखादा कारकून धाडस करून फाइलची झेरॉक्स आणून देतो, तेव्हा त्यांना धार येते. आता त्याच कार्यालयात वेगळ्याच गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीस आले आणि त्यांनी प्रत्येक कागद चाळला, तर त्या कारकुनाचं काय? गुन्हा आमदाराचा, पण उघडा पडतो तो कारकून. पुन्हा कोणी झेरॉक्स आणून देईल का?

ब्रिटनमध्ये हे घडून गेलंय. डेमियन ग्रीन हे विरोधी कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे खासदार, स्थलांतर विषय सांभाळणारे. गृह खात्यातला एक कनिष्ठ कर्मचारी त्यांना सरकारची अडचण होईल अशी माहिती पुरवत होता. २७ नोव्हेंबर २००८ रोजी लंडन पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने ग्रीन यांना अटक करून सुमारे नऊ तास ताब्यात ठेवलं आणि संसदेतल्या त्यांच्या कार्यालयाची झडती घेतली. वॉरंट नव्हतंच. सभागृहाच्या सुरक्षेच्या प्रमुख असलेल्या अधिकाऱ्याची संमती घेतली, आणि ‘तुम्ही नकार देऊ शकता, वॉरंट मागू शकता’ हे त्यांना सांगितलंच नाही. सभापती मायकेल मार्टिन यांनीच हे नंतर सभागृहात सांगितलं. एप्रिल २००९ मध्ये सरकारी अभियोग संचालकांनी खटला भरणार नसल्याचं जाहीर केलं. ते संचालक म्हणजे पुढे पंतप्रधान झालेले किअर स्टार्मर.

जेफरसन यांचं नाव घेतलं की आपल्याला पोलीस बरोबर वाटतात, ग्रीन यांचं घेतलं की चूक. पण पोलीस दारात उभे असतात तेव्हा आतला माणूस जेफरसन आहे की ग्रीन, हे कोणालाच खात्रीने माहीत नसतं. म्हणून नियम दोघांना एकच ठेवावा लागतो. अमेरिकेच्या राज्यघटनेत, सभागृहातल्या भाषणाबद्दल किंवा चर्चेबद्दल सदस्याला दुसरीकडे कुठेही जाब विचारता येणार नाही, असं कलम आहे. त्याची मुळं इंग्लंडमध्ये आहेत. १६४२ च्या जानेवारीत राजा चार्ल्स पाच खासदारांना पकडायला शिपाई घेऊन थेट सभागृहात घुसला होता. हे कलम लाचखोराला वाचवत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सिनेटर ब्रूस्टर यांच्या खटल्यात सांगितलंय की लाच घेणं हे विधिमंडळाचं काम नव्हे, त्यासाठी खटला भरता येतो.

लाडांबद्दल लिहिलंत, त्यात तुमचा राग मला कळतो. पण संरक्षण माणसाला नाही, ठरावीक कागदाला आहे. जेफरसन यांचं घर, गाडी, बँक खातं यांना इतरांसारखीच वागणूक मिळाली. वकिलाच्या कार्यालयावर धाड पडली तरी अशिलाने त्याला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना संरक्षण असतं, आणि ते वकिलाचे लाड आहेत असं आपण म्हणत नाही. आणि सामान्य माणसाच्या झडतीलाही नियम आहेतच. आपल्याकडे स्थानिक पंच लागतात, पंचनामा लागतो, आणि घरात राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू द्यावं लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचं चित्रीकरणही आलं. कायद्याने साध्या घराला जे मिळतं, ते खोली २११३ मध्ये वकिलांना मिळालं नाही असा आरोप आहे. आपल्याकडे प्रत्यक्षात हे नियम कितपत पाळले जातात, हा तुमचा संताप असेल तर तो रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे ते सर्वांसाठी पाळायला लावणं.

‘सगळे पक्ष एकमेकांना सांभाळतात’ असंही तुम्ही ओझरतं म्हटलंय. सभापती डेनिस हॅस्टर्ट रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष बुश रिपब्लिकन, जेफरसन डेमोक्रॅट. तरी हॅस्टर्ट यांनी आपल्याच सरकारविरुद्ध डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पेलोसींबरोबर संयुक्त निवेदन काढलं. आणि त्याच आठवड्यात पेलोसींनी जेफरसन यांना महत्त्वाच्या समितीवरून पायउतार व्हायला सांगितलं. जूनमध्ये त्यांना तिथून काढलंही. यात जेफरसन यांना सांभाळणं कुठे दिसतं? बुश यांनी तर कागद पंचेचाळीस दिवस सीलबंद ठेवायला लावले, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या न्याय खात्यालाही ते उघडता येणार नव्हते.

आता ‘सुटतात’ याबद्दल. जेफरसन यांच्यावर सोळा कलमांचं आरोपपत्र जून २००७ मध्ये दाखल झालं. तारीख पाहा: अपील कोर्टाचा निकाल ऑगस्टमधला. कागदांचा वाद कोर्टात चालू असतानाच खटला उभा राहिला. ऑगस्ट २००९ मध्ये ते अकरा कलमांखाली दोषी ठरले आणि नोव्हेंबरमध्ये तेरा वर्षांची शिक्षा झाली. २०१७ मध्ये ते लवकर बाहेर आले हे खरं. पण त्याचं कारण कार्यालयाची झडती नव्हे. व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर मॅकडॉनेल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये लाचेच्या गुन्ह्यासाठी लागणाऱ्या ‘सरकारी कृती’ची व्याख्या अरुंद केली, त्यामुळे जेफरसन यांची बरीचशी कलमं टिकली नाहीत. त्या निकालाबद्दल तुम्ही चिडलात तर मी तुमच्याबरोबर आहे.

सुटण्याचं खरं उदाहरण आपल्याच देशात आहे. १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारवरच्या अविश्वास ठरावाच्या वेळी पैसे घेऊन मत दिल्याचा आरोप असलेल्या खासदारांना सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये घटनेच्या कलम १०५ चं, म्हणजे सभागृहातल्या भाषणाला आणि मताला असलेलं, संरक्षण दिलं. त्यात पैसे घेऊन मत देणारे वाचले आणि पैसे घेऊनही मत न देणारा अडकला. तो निकाल रद्द व्हायला मार्च २०२४ उजाडावं लागलं. सीता सोरेन प्रकरणात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो एकमताने मोडीत काढला. तिथे विशेषाधिकार गुन्ह्यालाच लागू केला होता. मी फक्त कागदांपुरतं बोलतोय, तेही ते कोणी आणि केव्हा वाचायचे एवढ्यापुरतं.

मग पद्धत काय असावी? खोली सील करा, हवं ते उचला, प्रती काढा, पण सगळं सीलबंद पाकिटात न्यायाधीशाकडे जाऊ द्या. खासदाराला एक प्रत द्या. कोणत्या कागदावर त्याचा दावा आहे हे त्याने ठरलेल्या मुदतीत सांगावं. जुलै २००६ मध्ये अपील कोर्टाने अंतरिम आदेशात अशीच व्यवस्था केली होती: प्रती हातात आल्यावर दोन दिवसांत दावे, तेही सीलबंद, मग न्यायाधीश ते एकट्याने तपासणार. दोन दिवसांत कोणता पुरावा नष्ट होणार आहे? पुरावा तर सरकारी कपाटातच असतो.

ही मध्यस्थी सभापतींकडे द्यावी असं काही जण सुचवतात. आपल्याकडे संसदेच्या आवारात सभापतींच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, त्याच धर्तीवर. मला ते पटत नाही. सभापती बहुमतातून निवडून येतात, त्यामुळे आपल्या पक्षाच्या सदस्याला झाकणं आणि विरोधकाला उघडं पाडणं, दोन्ही धोके तिथे आहेत. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये सिनेटर स्टीफन कॉनरॉय यांच्या मेलबर्नच्या कार्यालयावर ब्रॉडबँड कंपनीच्या फुटलेल्या कागदांसाठी पोलीस गेले. कॉनरॉय यांनी विशेषाधिकाराचा दावा केला, कागद सीलबंद होऊन सिनेटच्या सचिवांकडे ठेवले गेले, आणि पुढच्या वर्षी सिनेटने दावा मान्य केला. कागद न वाचता थांबता येतं, हे त्यातून दिसलं. पण निवाडा सभागृहानेच आपल्या सदस्याबद्दल केला, आणि नेमका तेवढाच भाग मी तिथून घेणार नाही. तो न्यायाधीशाकडेच हवा.