आधी कानात बसणारी टोपी पाहावी

गोंगाटात वापरायचे स्वस्त इयरफोन घेताना ‘नॉइज कॅन्सलेशन’ आहे की नाही हे सर्वप्रथम पाहावे, असे एका लेखात म्हटले आहे. मला मात्र आधी इयरफोनच्या टोकाची, कानात बसणारी मऊ टोपी पाहावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. नॉइज कॅन्सलेशनची यंत्रणा बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट लहर निर्माण करते, त्यामुळे दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या इंजिनाची एकसारखी घरघर ती चांगली कमी करते, परंतु हर्णै बंदरावरील मासळीच्या लिलावातला आरडाओरडा तिला तितकासा आवरत नाही. तो अडवते ती कानात नीट, पण न टोचता बसलेली टोपी. फट राहिली तर गाण्यातला खर्जही विरतो आणि माणूस नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल इतकीच आहे. कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून उघड्या खिडकीशी बसून ऐकणाऱ्यांनी तर ती जरूर लक्षात ठेवावी.

फोमची टोपी अधिक आवाज रोखते हे खरे, पण आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामात ती लवकर खराब होते, म्हणून मी सिलिकॉनच सुचवेन. सोबत किमान तीन मापांच्या टोप्या असाव्यात. दोन्ही कानांना एकच माप बसेलच असे नाही. पावसाळ्यासाठी निदान आयपीएक्स४ हा पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाचा दर्जा हवा, मात्र ती चाचणी गोड्या पाण्याच्या शिंतोड्यांची असते, तेव्हा खाऱ्या वाऱ्यात वापरल्यावर चार्जिंगचे धातूचे ठिपके पुसूनच इयरफोन डबीत ठेवावेत.